तुह्या पसंतीचं

इंद्रवेल्लीच्या शाळेत शिकवून वल्लरी आदिलाबादला घरी परतली, तेव्हा तिचा नवरा जयदीप दारातच उभा होता.

"गुडीहत्नूरले काऊन थांबली होतीस?"

ती दचकली. सोबतच्या बाईंबरोबर तिथं चहा घेतल्याचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. जयदीपनं मोबाईल तिच्यापुढं धरला. लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं दिलेलं महागडं घड्याळ ती कुठं आहे ते त्याला दाखवत होतं.

"काळजी वाटते म्हणून पाह्यतो," तो म्हणाला.

पुढच्या वाढदिवसाला त्यानं विचारलं, "यंदा तुह्या पसंतीचं घे. काय पायजे?"

"मैत्रिणींसोबत फिराले जाऊ?"

त्यानं एकेकीचं नाव विचारलं, त्यांच्या नवऱ्यांना फोन लावले आणि शेवटी स्वतःच तिच्यासोबत ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात आला. एजंटनं केरळ दाखवलं, सिमला दाखवलं, मग क्रूझ दाखवली.

"हे बरं हाय," जयदीप खूश झाला. "चारी बाजूनं पानी. उतरून जाशीन कुठं?"

तेवढ्यात फोन आला म्हणून तो बाहेर गेला. वल्लरीनं हळूच विचारलं, "जहाजावर मोबाईलला रेंज असते का?"

एजंट ओशाळला. "किनारा सुटला की काहीच लागत नाही, मॅडम. पण बाकी सगळ्या सोयी..."

"सोयी राहू द्या. जास्तीत जास्त दिवस किनाऱ्याला न लागणारं जहाज कोणतं, तेवढं सांगा."