चार रंगांचं कार्ड

"एकाच रंगाचं घे रे," सत्यदेवचा दोस्त नंदलाल पुन्हा म्हणाला. "स्वस्त हाय. गेमच तर खेळायचा हाय."

सत्यदेवनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माएबूर्ग गावातल्या त्या दुकानात राधाकृष्णनं काउंटरवर तीन ग्राफिक्स कार्डं मांडून ठेवली होती. टीव्ही, रेडिओ दुरुस्त करता करता तो आता कॉम्प्युटरचाही जाणकार झाला होता.

"मशीन जुनं हाय तुझं," राधाकृष्ण म्हणाला. "ह्ये सोळा रंगांचं कार्ड लांब पडतंय, डब्यात बसायचं नाय. ह्ये तैवानचं ने. चारच रंग दावतंय. काळा, लाल, हिरवा, पिवळा. पण पडदा रंगीत लागतो."

"पडदा हाय. हॉटेलातला जुना."

"बे, पैसा फुकट," नंदलाल म्हणाला.

"जयदेवला रंग पायजे होते," सत्यदेव म्हणाला, आणि तैवानचं कार्ड उचललं. मेलेल्या माणसाच्या हौसेपुढं घासाघीस करायची तरी कशी?

कॉम्प्युटर त्याच्या थोरल्या भावाचा, जयदेवचा. साखर कारखान्याच्या ऑफिसनं मोडीत काढलेला. जयदेव रोज त्यावर लढाईचा गेम खेळायचा; काळ्या पडद्यावर एकाच रंगाची माणसं पळायची आणि मरायची. हौसेनं त्यानं रंगीत पडदा आणून ठेवला. कार्ड तेवढं राहिलं. आज त्याचं वर्षश्राद्ध होतं आणि सकाळी पान वाढताना विमला, त्याची बायको, एवढंच म्हणाली होती, "त्यांचे रंग राहिले."

गेल्या वर्षी बेटावरच्याच सुरिनाम गावच्या किनाऱ्यावर गणपती बुडवायला गावातली झाकरी नाचाची दोन्ही मेळं आली होती. नाच एकच, ढोल एकच. फरक फक्त कमरेच्या शेल्याचा. सत्यदेवच्या मेळाचा हिरवा, इंद्रदेवच्या मेळाचा लाल. कुणी आधी पाण्यात उतरायचं यावरून जयदेव आणि इंद्रदेव यांची जुंपली. मग सगळेच एकमेकांवर तुटून पडले. ढोलाच्या काठ्यांनी डोकी फुटली.

सत्यदेवनं लांबून पाहिलं. काळ्या खडकांपाशी जयदेव गुडघ्यांवर पडलेला, आणि पाठमोरा एक माणूस ऊसतोडीचा कोयता त्याच्या मानेवर घालतोय. एकदा. परत एकदा. तोंड दिसलं नाही, शेला दिसला. सत्यदेव धावला, खडकावर आपटला, उठून पुन्हा धावला. पोचला तेव्हा नंदलाल जयदेवचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, रक्तानं न्हालेला.

"इंद्रदेव," नंदलाल म्हणाला. "उसात पळाला. लाल शेला बघितलास ना?"

"बघितला," सत्यदेव म्हणाला.

त्याच रात्री दोघांनी इंद्रदेवला घरातून ओढून काढलं. सत्यदेवनं बांबूनं त्याच्या बरगड्या मोडल्या, एक डोळा कायमचा गेला. इंद्रदेव काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, तेवढ्यात नंदलालनं त्याच्या तोंडावरच लाथ घातली. दात घशात गेले. पुढं कोर्टात सत्यदेवनं शपथेवर लाल शेला सांगितला. पण तोंड कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणून इंद्रदेव सुटला.

सत्यदेव जळत राहिला. नंदलालचाच काय तो आधार. जयदेवची मासेमारीची होडी आता तोच चालवायचा आणि दर आठवड्याला विमलाच्या हातावर चार पैसे ठेवायचा. आज इंद्रदेव उसात एकटाच असणार, ही खबर त्यानंच आणली. कोयत्याला धारही त्यानंच लावली. आधी भावाला रंग दाखवायचे, मग इंद्रदेवची मान, असं सत्यदेवनं मनाशी पक्कं केलं होतं.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सत्यदेवची बायको बसंती ओसरीवर टोमॅटो निवडत होती.

"ह्ये बघा, परत कच्चेच तोडलेत," ती विमलाला म्हणाली. "किती येळा सांगायचं ह्यांना? जरा धीर नाय."

"भाऊ गेल्यापासनं लक्षच कुठं हाय त्याचं," नंदलाल पटकन म्हणाला.

"आयो, लगीन झाल्यापासनं असंच हाय," बसंती म्हणाली आणि टोपली घेऊन परसात गेली.

सत्यदेवनं डबा उघडला, बिघडलेलं जुनं कार्ड उपसलं, नवं बसवलं. पडदा उजळला. जयदेवच्या फोटोकडं बघून विमलाचे डोळे भरून आले.

"किती छान," ती म्हणाली. "खेळा, भावोजी. त्यांच्यासाठी एक डाव."

"उशीर होतोय, सत्या," दारातून नंदलाल म्हणाला. "तो घरी निघून जाईल. बंद कर त्ये."

"एक डाव."

सत्यदेव खेळू लागला. माणसं पळत आली, त्यानं ती टिपली. आणखी आली, तीही टिपली. हात दुखेपर्यंत तो मारत राहिला. त्या प्रत्येकाला इंद्रदेवचं तोंड होतं.

"भावोजी, काय करताय?" विमला म्हणाली. "आपलीच माणसं मारताय."

"आपली कुठली?"

"ही हिरवी आपली. लाल ती दुश्मनाची."

"हिरवी कुठं हायत, वयनी? सगळी लालच तर हायत."

विमला हसली, मग हसता हसता थांबली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हा लाल. हा हिरवा."

सत्यदेवनं वाकून पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग उठून त्यानं खुंटीवरचा स्वतःचा शेला ओढला आणि पडद्यावरच्या एका माणसाशेजारी धरला. मग दुसऱ्याशेजारी. शेला दोघांच्याही रंगाचा वाटला.

"वयनी," तो हळू म्हणाला, "त्या दिवशी खडकांपाशी नंदलालच्या कमरेला कुठला शेला होता?"

"आपल्याच मेळातला ना तो. हिरवा."

मागं दाराची कडी आतून लागली. सत्यदेव वळला. कोयता नंदलालच्या हातात होता.