उजवं कर्णफूल

"दुसरं कुठंय?" भिंग डोळ्याला लावतच सोनारानं विचारलं.

"दुसरं नाही. तेच करून हवंय. उजवं."

समोर टपाल कचेरीतला कारकून बसला होता. त्यानं आणलेल्या कागदी पाकिटातलं कर्णफूल सोनारानं दिव्याखाली धरलं आणि तो गालातल्या गालात हसला. काम त्याच्याच हातचं होतं. संग्रहालयातल्या कुण्या प्राचीन राणीच्या कर्णफुलांचं चित्र वहीत काढून कारकुनाची मुलगी त्याच्याकडे येऊन बसली होती आणि पाकळ्या मोजून घेतल्याशिवाय उठली नव्हती. सोन्याच्या पाकळ्यांचं चक्र, मधे एवढासा हंस. दोन्ही हंस चेहऱ्याकडे वळलेले, त्यामुळे डावं ते डावंच आणि उजवं ते उजवंच.

"हरवलंत वाटतं? आणि वहिनींना कळायच्या आत हवंय!" सोनार म्हणाला. "लेकीच्या दागिन्यांना हात लावायला सांगितलं होतं कुणी?"

कारकून हसला नाही. "लेक वारली माझी," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात. बस पुलावरून खाली गेली."

सोनारानं भिंग खाली ठेवलं. आपली जीभ हासडून टाकावी असं त्याला झालं.

कारकून मग बोलतच राहिला. आठ महिन्यांपूर्वी परगावच्या नोकरीवरून घरात जुंपली होती. जायचं तर परत तोंड दाखवू नकोस, असं तो रागाच्या भरात बोलून गेला, आणि पोरगी खरंच गेली. तीही बापाच्याच वळणाची. फोन नाही, पत्र नाही. शेवटी फोन आला तो रुग्णालयातून, थेट कचेरीत. कचेरीच्या कामाला जातो असं बायकोला सांगून तो एकटाच गेला आणि एकट्यानंच पोरीला पोचवून आला. येताना हातात हे पाकीट.

"बायकोला अजून माहीत नाही?"

"तिची प्रकृती तोळामासा. या वर्षात दोनदा छातीत दुखून दवाखान्यात होती. आणि आता मीच जाते पोरीला शोधायला, म्हणून हट्ट धरून बसलीय. दर रविवारी तिच्या गादीची चादर बदलते हो. येईल ती, म्हणते." कारकुनानं नाक पुसलं. "तिला सांगणार आहे, पोरीनं पार्सलनं परत पाठवलीत. शिक्के-बिक्के मला जमतात, तीस वर्षं टपालात काढलीत. पण रागानं परत करणारी एकच कशी पाठवेल? जोडी हवी."

"आणि सोबत चिठ्ठी?"

"नको. तिचं अक्षर आई झोपेतसुद्धा ओळखेल. दागिने परत केले म्हणजे नातं तोडलं, एवढं तिला कळेल. रडेल, मला बोल लावेल. पण पोरगी कुठंतरी आहे, एवढं तरी राहील तिच्यापाशी."

सोनार कर्णफूल उलटसुलट करत राहिला. "निघताना दोन्ही कानांत होती ना?"

"असणारच. मी कुठं मान वर करून पाहिलं?" कारकुनाचा आवाज चिरकला. "पुलाखाली दुपारभर गवत चाळलं मी. एकेक दगड उलटा केला. नाही सापडलं."

सोनारानं जुनी वही काढली आणि इतर सगळी कामं बाजूला सारली. कर्णफूल तीन दिवसांत झालं, पण त्याची नवी चमक काही केल्या जाईना. मग ते किल्ल्यांबरोबर पँटच्या खिशात टाकून तो चार दिवस हिंडला. शेवटी दोन्ही शेजारी ठेवली, तेव्हा आपण केलेलं कुठलं आणि पोरीचं कुठलं, हे त्याचं त्यालाही चटकन सांगता येईना.

पार्सल बायकोनं खिडकीपाशी बसून उघडलं. कारकून पेपर समोर धरून बसला. एक अक्षर वाचत असेल तर शपथ.

तिनं कर्णफुलं तळहातावर घेतली. बराच वेळ पाहिली.

"दोन्ही पाठवलीत?"

"हो. बघ ना."

तिनं उजवं उचललं, हंसावरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं.

"अहो, मागच्या महिन्यात तुम्ही बाहेरगावी गेला होतात ना? एकटेच?"

"हो. का गं?"

"काही नाही. फार थकून आला होतात."

कारकुनानं पेपर आणखी वर धरला. ती उठून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"रागावलीय पोरगी," ती म्हणाली. "असू दे. जिथं असेल तिथं सुखात असू दे. मी नाही आता शोधायला जायची. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका."

कारकून तिच्या कमरेला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. जमलं आपल्याला, वाचली ही, असं रडतारडता त्याच्या मनात येत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

"चहा टाकते," म्हणून ती आत गेली. तिनं गॅस पेटवला, आधण ठेवलं.

मग फडताळातल्या डब्यातून तिनं एक पुरचुंडी काढली आणि आठ महिन्यांपूर्वी दारातून निघताना, "एक तुझ्याकडे राहू दे, परत येईन तेव्हा घालीन," म्हणत पोरीनं आपल्या कानातून उतरवून दिलेलं उजवं कर्णफूल मुठीत आवळून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून ती मूठ तोंडात कोंबली.