जास्वंदीशी गप्पा

निवृत्त झाल्यापासून नवरा रोज सकाळी गॅलरीतल्या जास्वंदीशी गप्पा मारायचा. "चार शब्द प्रेमाने बोललं की झाड फुलतं, माणसाने शिकावं त्यातून," असं शेजाऱ्यांना सांगायचा. आत चहा गाळताना बायकोचा नुसता जळफळाट व्हायचा.

तो लेकीकडे राहायला गेला, तेव्हा या सवतीला पाणीच घालायचं नाही असं तिने ठरवलं. पण दुसऱ्याच दिवशी ती कुंडीपुढे जाऊन म्हणाली, "तुझ्यात असं आहे तरी काय गं?" मग बोलतच राहिली. बोलता बोलता पाणीही घातलं.

तो परतला तेव्हा जास्वंद कळ्यांनी लगडली होती.

"खत घातलंस का?"

"नाही. तुम्हाला सांगायचं राहिलेलं सगळं हिला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"ते आता हिलाच विचारा."