पालथी कुंडी

“कोणाला पटायचं नाही, हवालदारसाहेब, पण मला ते पिस्तूल दिसायच्या आधी त्यानंच मला पाहिलं,” माळीबुवा म्हणाले. “जास्वंदीखालून. एका डोळ्यानं.”

हवालदाराने मान वर केली नाही. इस्पितळाच्या बाकावर बसून तो मांडीवरच्या कागदावर जबाब लिहून घेत होता. समोर ऑपरेशनचं दार बंद होतं. आत माळीबुवांची सात वर्षांची नात ठकी होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची लेक बसली होती. अंगात कँटीनचा एप्रन तसाच, मांडीवर पोरीची एक चप्पल. दुसरी बागेतच राहिली होती.

“किती वाजता दिसलं?”

“साडेबारा. पाणी घालत होतो. दुसरा कोणी असता तर बोंबलत सुटला असता. मी? मी नळी हळूच खाली ठेवली. म्हटलं, उगाच त्याची झोप मोडायला नको.”

“आजोबा, सरळ सांगा.”

माळीबुवांना सरळ सांगता कधी आलं होतं! सार्वजनिक बागेत तीस वर्षं त्यांनी खुरप्याच्या बरोबरीनं जीभ चालवली होती. त्यांना दिसलेला साप पहिल्या वर्षी हातभर होता. आता तो कारंज्याला दोन वेढे घालून वर उरत असे. आणि आज तर त्यांना थांबायचंच नव्हतं. आपली गोष्ट चालू आहे तोवर ते दार उघडणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती.

“हात लावलात?”

“छे! बोटसुद्धा नाही. बेवारस हत्यार दिसलं तर हात लावायचा नाही, माणसांना लांब ठेवायचं, तुम्हाला कळवायचं आणि तुम्ही येईपर्यंत जागचं हलायचं नाही. एवढं कळतं मला. नुसती वरून एक कुंडी पालथी घातली.”

“कुंडी कशाला?”

“कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. हाताची सवय हो. काही जपायचं असलं, की घाल कुंडी.”

लेकीने मांडीवरची चप्पल उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“आणि आम्हाला फोन?”

“केला की! एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तुमच्याकडची बाई म्हणाली, आपण रांगेत आहात.”

“बागेतून आम्हाला एकच फोन आला,” हवालदार म्हणाला. “एक वाजून दहा मिनिटांनी. कँटीनमधून.” त्याने लेकीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. “गोळी सुटल्यावर.”

माळीबुवांनी नखांत माती भरलेले दोन्ही हात पसरले.

“तेच तर सांगतोय! मी कुंडीपाशी खांबासारखा उभा. इतक्यात एक माणूस आला. एवढा उंच, की झाडाच्या फांदीला टोपी अडकली. लाल टोपी. लिहा, लाल. वाकला, मूठभर माती उचलली आणि हाणली माझ्या डोळ्यांत. मी ठार आंधळा. तेवढ्यात त्यानं कुंडी उचलली, आणि…”

“आणि?”

“आणि ठकी शाळेतून…”

आजवर प्रत्येक गोष्टीत त्यांनी ठकीला आणलं होतं. सापावर बसवलं होतं, कारंज्यातून ढगापर्यंत उडवलं होतं, आणि संध्याकाळच्या आत सुखरूप घरी पोचवलं होतं. या गोष्टीत तिला आणावं तर कुठून आणावं, आणि बाहेर कुठून काढावं, त्यांना सुचेना.

हवालदाराला बहुधा दया आली. “बरं, त्या लाल टोपीवाल्याचं वय काय असेल?”

“असेल चाळिशीचा. मिशा अशा, की दोन्ही टोकांना…”

“बाबा,” लेक म्हणाली.

ती चपलेकडेच पाहत होती.

“पालथी कुंडी ठकीची असते.”

हवालदाराचं पेन थांबलं. “म्हणजे?”

“शाळा सुटली की ती रोज बागेत येते. रोज हे तिच्यासाठी एका कुंडीखाली काहीतरी झाकून ठेवतात. कधी बेडूक, कधी गोगलगाय, कधी नुसतं एखादं पीस. पालथी कुंडी दिसली की ती आपली, हे तिला पक्कं ठाऊक. दप्तरसुद्धा काढत नाही. आधी कुंडी उचलते, मग मला हाक मारते.”

“पण मी तिथंच होतो ना गं,” माळीबुवा म्हणाले. त्यांचा आवाज आता लहान मुलासारखा येत होता. “जागचा हललो नाही. तो लाल टोपीवाला…”

“कोणी लाल टोपीवाला आला नाही, बाबा. आणि तुम्ही तिथं नव्हता. तुम्ही माझ्या कँटीनमध्ये होता. फोन मागायला आलात आणि गोष्टच सांगत बसलात. आम्हाला वाटलं, नेहमीची थाप. पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा ते मुठीएवढं होतं. दुसऱ्यांदा त्याची तोफ झाली. सगळे पोट धरून हसत होते. मग तुम्ही उठलात. म्हणालात, जातो, मला कुंडीपाशी उभं राहायला हवं.”

तिने एप्रनच्या टोकाने चपलेवरची माती पुसली.

“तेव्हा चहाचा दुसरा कप मीच पुढे केला. मीच म्हटलं, बसा हो बाबा, परत सांगा.”