भिंतीपलीकडची मॅच

घाटकोपरच्या त्या बिल्डिंगमध्ये वनमालाला मॅच आधी भिंतीतून कळायची. शेजारी केबल होती, हिचा टीव्ही वायफायवर. पलीकडे ओरडा झाला, की जरा वेळाने इकडे विकेट पडायची.

"सगळी मजा घालवतात मेले!" ती चिडायची. नवरा, रामनाथ, नुसता हसायचा.

त्या रविवारी शेजारचे गावी गेले होते. दाराला कुलूप होतं. तरी ओरडे येतच होते, आणि एकही चुकत नव्हता.

शेवटच्या ओव्हरला पलीकडे एक बाई किंचाळली, "अहो! अहो, डोळे उघडा ना!"

आवाज वनमालाचा स्वतःचाच होता.

"काहीतरी झालं वाटतं," टीव्हीवरची नजर न हलवता रामनाथ म्हणाला. "थांब, आता आपल्याकडे येईलच."