माड आणि माडी

ग्रामपंचायतीने घरपट्टीची नोटीस थेट कुवेतच्या पत्त्यावर पाठवली होती आणि तीत गफूरच्या रत्नागिरीकडच्या घराची आकारणी माडीसह केली होती. तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गफूरला चूक कुठे झाली ते लगेच कळले. अबू हलीफातल्या खोलीत बसून त्याने हरकतीचा अर्ज लिहिला आणि सुट्टी संपवून कालच बोटीने परतलेल्या गाववाल्या यूसुफला वाचून दाखवला.

"दारात माड आहे. कारकुनाने त्याला वेलांटी दिली आणि घर दुमजली झाले. सबब आकारणी जास्त झाली आहे."

"गफूरभाई, माडी आहे," यूसुफ ओशाळून म्हणाला. "झुलेखाभाभींनी बांधलीय. तुम्ही घरी गेल्यावर दाखवायची होती त्यांना, म्हणून मला बोलू दिलं नाही. पश्चिमेला मोठी खिडकी ठेवलीय."

"पश्चिमेला? सगळा पाऊस आत येईल."

"गवंडीही तेच म्हणाला. भाभी म्हणाल्या, येऊ दे, कुवेत त्याच बाजूला आहे."

गफूरने दिशा मनाशी ताडून पाहिली. ती बरोबर होती. मग त्याने अर्जातला 'जास्त' हा शब्द खोडला आणि तिथे 'कमी' लिहिले.