डोळे मिटू नको

भिवराबाई उंबऱ्यात बसली होती, दोन्ही हात चौकटीला लावून. आत तिची सून शिवकन्या गुरासारखी कण्हत होती. बाहेर डेअरीचा टेम्पो चालूच होता आणि बद्रीनाथ ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"सरक माय," भारत म्हणाला.

"न्हाई सरकायची. बायनाबाई हाय की. तू झालास ते कुण्या दवाखान्यात?"

बायनाबाई म्हणजे गावची सुईण. तिनंच सकाळी हात टेकले होते. पोर आडवं आलंय, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, बीडला न्या, असं तिनं भिवराबाईच्या तोंडावर सांगितलं होतं. सरकारी गाडीला फोन लावून झाला, ती भलत्याच गावाला गेलेली. उरला तो दूध संस्थेचा टेम्पो. दुष्काळानं चारा छावणीतल्या म्हशी आटल्या होत्या, कॅन निम्मे रिकामेच परत चालले होते. त्यामुळं मागं बाईमाणसाला आडवं पडायला जागा तरी होती.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण शिवकन्येच्या माहेराला कुलूप होतं, आईबाप पश्चिमेला ऊस तोडायला गेलेले. भारतही गेला असता. पण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि गरोदर बायकोचा अर्धा कोयता मुकादमाला परवडत नव्हता. "पोरं लवकर उरकून घ्या, अन् मग तिची पिशवी काढून टाका," मुकादम हसत म्हणाला होता. "पाळी न्हाई, खाडा न्हाई." गावात तिशीतल्या कितीतरी बायका पिशवी काढून बसल्या होत्या, कंबर धरून चालायच्या. भारतला त्याचं नवल वाटायचं नाही. कंबर धरून चालणारी बाई तो कळायला लागल्यापासून घरातच बघत होता.

आतून शिवकन्येची किंकाळी आली आणि एकदम तुटली. भारतनं आईच्या काखेत हात घातले, तिला उचललं आणि बाजूला ठेवलं. आईवर त्यानं असा हात आजवर टाकला नव्हता.

बायनाबाईनं आणि त्यानं मिळून शिवकन्येला टेम्पोत घातलं. भारत टेम्पोची मागची फळी लावायला गेला तर भिवराबाई आधीच कॅनच्या मधे जाऊन बसलेली.

चौसाळा मागं पडलं. पत्रा तापला होता, आंबट दुधाचा वास डोक्यात चढत होता. दोन्ही अंगाला नुसती काळी, उघडी रानं, कुठं हिरवं पान नाही. शिवकन्येचे डोळे मिटायला लागले तशी भिवराबाई पुढं झाली आणि तिनं सुनेच्या गालावर फाडकन चापट मारली.

"डोळे मिटू नको!"

"आत्याबाई, मारू नका हो..."

"कावून मारतेस तिला?" भारत ओरडला. "येडी झालीस का?"

"झोपू देऊ नको तिला. दवाखान्यात तर मुळीच झोपू देऊ नको."

मांजरसुंब्याच्या घाटात तिनं आणखी दोनदा चापट मारली. भारतला आईचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तिची किळसही आली. एकदा वाटलं, बिचारी जुनं काढून बसली असेल. त्याच्या पाठचं भावंड असंच एका साखर कारखान्याच्या गावातल्या दवाखान्यात जन्मलं आणि तिथंच गेलं. त्यानंतर तिची कूस पुन्हा उजवली नाही. एकुलता एक म्हणून भारतचे लाड झाले आणि लोकांनी भिवराबाईला नावं ठेवली. पण म्हणून पोटुशी पोरीला मारायचं?

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिवकन्येला तपासलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "पोट उघडावं लागेल. लगेच भूल द्यायची आहे. तुम्ही बाहेर थांबा."

"भूल नको," भिवराबाईनं ढकलगाडीची कड धरली. "जागी ठेवून करा काय करायचं ते."

"मावशी, जागेपणी पोट कापू का तिचं?" नर्स खेकसली.

भिवराबाई सोडायला तयार होईना. शेवटी भारतनंच तिची बोटं एकेक करून उकलली. दार लागलं. ती दारासमोरच फरशीवर बसली. पाणी दिलं तर घेतलं नाही, पदर सावरला नाही. बंद दाराकडं टक लावून बसली. भारत तिच्यापासून लांब, जिन्याजवळ जाऊन उभा राहिला. शिवकन्येला काही झालं तर या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

ऊन उतरलं तेव्हा दार उघडलं. भिवराबाई भिंतीचा आधार घेत उठली. भारत धावत आला.

"मुलगी झाली," डॉक्टरीणबाई तोंडावरचं फडकं काढत म्हणाल्या. "वेळेवर आणलंत. दोघीही सुखरूप आहेत."

भारतचे डोळे भरून आले. पण त्यानं आधी आईकडं बघितलं. आता ही पोरगी झाली म्हणून कपाळावर हात मारणार, असंच त्याला वाटलं. मारलाच, तर इथंच, सगळ्यांसमोर तिला बोलायचं, म्हणून तो दात आवळून तयार राहिला.

भिवराबाईनं नातीबद्दल काही विचारलंच नाही. तिनं डॉक्टरीणबाईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अन् तिची पिशवी?" ती म्हणाली. "पिशवी हाय ना जाग्यावर? मला बी असंच झोपवलं व्हतं, बाई."